बाटली नेली, पण उत्तर कुठाय? गावात संशोधन आलं तर काय करायचं

२०१९ चा पूर ओसरून दीडेक महिना झाला असेल. आमच्या गावात एक पांढरी गाडी आली. चार पोरं, दोन पोरी, गळ्यात ओळखपत्रं. त्यांनी विहिरींचं पाणी घेतलं, रानातली माती घेतली, चाळीसेक घरांतून सह्या घेतल्या. आमच्या तात्यांनी सगळ्यांना पोहे खाऊ घातले. गाडी गेली. पाणी कसं होतं, हे आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. दोन वर्षांनी पुतण्याला मोबाइलवर एक इंग्रजी लेख सापडला. गावाचं नाव चुकलेलं, आणि मधोमध तात्यांच्या विहिरीचा फोटो. तात्यांनी तो लांब धरून बघितला आणि म्हणाले, "फोटू झ्याक आलाय. पर पानी प्यायचं का न्हाई?"

ती संस्था कोणती, हे सांगण्यात अर्थ नाही. पोरं सालस होती, वरून सांगितलं तेवढं करून गेली. चूक आमचीही होती, आम्ही काही विचारलंच नाही. त्यातही माझी जास्त, कारण काय विचारायचं असतं ते मला ठाऊक होतं. मी ते आठ वर्षं डोळ्यांनी बघून आलो होतो.

मी साखर कारखान्यातला केमिस्ट. उभी हयात रसाचा ब्रिक्स आणि पोल, म्हणजे उसाच्या रसात साखर किती ते, काढण्यात गेली. २००६ ते २०१४ पश्चिम केनियात, किसुमूच्या बाजूला एका कारखान्याच्या लॅबमध्ये होतो. सांगली-कोल्हापूरकडचे पॅनमन, फिटर, केमिस्ट पूर्व आफ्रिकेत बरेच जातात, त्यातलाच मी एक. जाताना डोक्यात हवा होती की आपण शिकवायला चाललोय. ती तिथल्या लॅब असिस्टंटनं पहिल्याच हंगामात काढली. मी एक सॅम्पल घाईनं बाद ठरवलं, तर तो शांतपणे म्हणाला, "सर, आधी शेतकऱ्याला विचारू या, ऊस कधी तोडलाय ते." ऊस चार दिवसांचा शिळा होता. सॅम्पल बरोबर होतं, माझी समजूत चुकीची होती.

पुढं जे लिहितोय ते ग्रामपंचायतीचे सदस्य, शाळेतले सर आणि बाई, सोसायटीचे चेअरमन आणि बचत गटातल्या बायका यांच्यासाठी. गावात कुणी अभ्यासाला आलं तर काय करायचं, आणि कुणी आलंच नाही तर आपला आपण अभ्यास कसा करायचा, असे दोन भाग आहेत. आमच्या वाळवा तालुक्यातल्या एका गावात आम्ही हे तीन वर्षं करतोय. शिकलो मात्र आफ्रिकेतल्या लोकांकडून.

आधी प्रश्न कुणाचा ते बघा

२००९ साली मी सुट्टीच्या दिवशी म्बिटाला गेलो. लुआंडा कोटिएनोहून फेरीबोट धरायची, व्हिक्टोरिया सरोवराचा एक फाटा ओलांडायचा, की पलीकडं म्बिटा. तिथं इसिपे या संस्थेचं केंद्र आहे. इसिपे म्हणजे कीटकशास्त्राची संशोधन संस्था, मुख्य कचेरी नैरोबीत. १९७० साली थॉमस ओधियांबो या केनियन कीटकशास्त्रज्ञानं ती उभी केली. त्यांचं म्हणणं असं की आफ्रिकेतल्या किडींचा अभ्यास आफ्रिकेत, आफ्रिकेतल्याच माणसांनी केला पाहिजे. परदेशातून औषधाचे डबे मागवून हे प्रश्न सुटायचे नाहीत.

त्या दिवशी एका बाईच्या मक्याच्या रानात शिवारफेरी होती. (तिकडं वडीलधाऱ्या बाईला 'मामा' म्हणतात. पहिला महिनाभर मला हसू आवरायचं नाही.) मामांच्या रानाच्या कडेनं नेपियर गवत, आपण जनावरांना घालतो तेच. मक्याच्या दोन ओळींत डेस्मोडियम नावाचा पसरणारा वेल. खोडकिडीच्या पतंगाला डेस्मोडियमचा वास सोसत नाही, तो रानातून बाहेर पडतो. बाहेर नेपियर त्याला ओढून घेतं, पतंग तिथं अंडी घालतो आणि नेपियरच्या चिकट रसात अळ्या अडकून मरतात. 'ढकल-ओढ' पद्धत म्हणा. इसिपेनं इंग्लंडच्या रॉथमस्टेड संस्थेबरोबर आणि केनियातल्या कृषी संशोधकांबरोबर १९९० च्या दशकात ती बसवली. त्यातले प्रमुख शास्त्रज्ञ झेयाउर खान मूळचे भारतातले, हे कळल्यावर मला उगीचच बरं वाटलं.

पण मामा दाखवत होत्या ते वेगळंच. त्यांनी एका कोपऱ्यात चार ओळी मुद्दाम डेस्मोडियमशिवाय ठेवल्या होत्या. तिथला एक ताट उपटून त्यांनी वर धरला. मुळाशी जांभळ्या फुलांचं तण लोंबत होतं. लुओ भाषेत त्याला कायोंगो म्हणतात. मी पुढं जाऊन बघितलं आणि चाट पडलो. हा तर आपला टारफुला! आपल्याकडं ज्वारीच्या नि उसाच्या मुळावर जगतो त्याचाच भाऊबंद, फक्त आपल्याकडं फूल पांढरं असतं. एका रोपाला हजारो बिया, त्या जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पिकाच्या मुळाची चाहूल लागली की उगवतात. डेस्मोडियमची मुळं असं काही सोडतात की टारफुल्याचं बी उगवतं खरं, पण त्याला पिकाच्या मुळाला चिकटता येत नाही नि ते मरून जातं. शास्त्रज्ञ निघाले होते खोडकिडीच्या मागं, त्या खटाटोपात टारफुल्याचा बंदोबस्त हाताला लागला. शेतकऱ्यांना मात्र तोच जास्त हवा होता, कारण त्यांचं पोट त्यानंच मारलं होतं.

मी ज्यासाठी हे लांबण लावलं ते आता. मामा बोलत होत्या आणि संस्थेचा माणूस गर्दीच्या मागं वही घेऊन उभा होता. एका शेतकऱ्यानं विचारलं, "वेलाचं बी कुठं मिळणार? महाग असलं तर?" मामांनी मागं बघितलं. संस्थेचा माणूस उत्तर द्यायला पुढं आला नाही, त्यानं तो प्रश्न वहीत लिहून घेतला.

म्हणून पहिली रीत. गाडीतून कुणी उतरलं की चहा द्या, आणि विचारा, "तुम्हाला काय शोधायचंय?" त्यांचं झालं की सांगा, "आता आमचं ऐका, आम्हाला हे शोधायचंय." यासाठी गावाचे प्रश्न आधीच लिहून ठेवलेले हवेत. आमच्याकडं डेअरीत एक वही दोरीनं बांधून ठेवलीय. दूध घालायला आलेला माणूस त्यात प्रश्न लिहितो, ज्याला लिहिता येत नाही त्याचा प्रश्न फॅट काढणारा पोरगा लिहितो. पहिल्या महिन्यात एकतीस प्रश्न आले. त्यातले नऊ "दुधाला दर का वाढत नाही" असे होते, ते बाजूला काढले. सात जणांनी एकच विचारलं होतं: रानात पांढरं का फुटतंय, आणि ते हिरीच्या पाण्यानं फुटतंय का? कृष्णाकाठच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पाट पाणी, बारमाही ऊस, निचरा नाही, आणि बघता बघता रान क्षारपड.

कागद करून घ्या

दक्षिण आफ्रिकेत सान नावाचे आदिवासी आहेत. जगभरचे अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडं जातात, कुणी भाषेसाठी, कुणी रक्तासाठी, कुणी औषधी वनस्पतींसाठी. हुडिया नावाची एक निवडुंगासारखी वनस्पती चघळून भूक मारायची, हे त्यांचं पिढीजात ज्ञान. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारी संशोधन संस्थेनं त्याचं पेटंट घेतलं, सान लोकांना न विचारता. ओरड झाल्यावर २००३ साली वाटा द्यायचा करार झाला. शेवटी २०१७ मध्ये सान लोकांनी स्वतःच संशोधकांसाठी नियमावली काढली. आमच्याकडं यायचं तर आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी हवी, आणि आमच्या रीतीनं परवानगी घ्यायची. लिहायला-वाचायला ज्यांना कुणी शिकवलं नव्हतं अशा आजोबांचे नातू हे करू शकतात, तर सातवा वेतन आयोग आणि सहकाराची शंभर वर्षं बघितलेला आपला जिल्हा का नाही?

आमचा कागद एका पानाचा आहे. वकील लागला नाही. त्यात साध्या मराठीत असं आहे: तुम्ही काय नेताय आणि किती, ते लिहा. त्याचं काय करणार ते लिहा, दुसऱ्या कामाला वापरायचं झालं तर परत विचारा. प्रत्येक सॅम्पलची जोड बाटली किंवा जोड पुडी मोहोर लावून गावात राहील. निकाल अमुक तारखेच्या आत मराठीत, गावात येऊन, तोंडानं सांगा. ज्याच्या विहिरीचा निकाल त्याला आधी सांगा. लेखात गावाचं नाव घालायचं की नाही, हे आम्ही ठरवू, आणि ज्यांनी राबून मदत केली त्यांचे आभार नावानिशी माना. खाली दोन्हीकडच्या सह्या आणि एक मोबाइल नंबर, तोही साहेबांचा. पोरांचे नंबर दोन वर्षांत बदलतात.

जोड बाटलीची अट माझी. कारखान्यात वाद झाला की दुसरं सॅम्पल उघडतात, तीच सवय. पण त्यामागं काँगोचीही एक गोष्ट आहे, ती मी प्रत्येक बैठकीत सांगतो. १९७६ साली यांबुकू गावात माणसं पटापट मरत होती. तिथं आधी पोचले डॉ. झाँ-झाक मुयेम्बे, काँगोचेच. हातमोजे नसताना त्यांनी रुग्णांचं रक्त काढलं. आजारी पडलेल्या एका ननला ते किन्शासाला घेऊन आले, तिच्या रक्ताचा नमुना बेल्जियमला गेला आणि नवा विषाणू सापडला. तोच इबोला. पुढं कित्येक वर्षं इबोलाच्या शोधाची गोष्ट युरोप-अमेरिकेच्या नावानं सांगितली गेली, मुयेम्बेंचं नाव कुठंतरी तळाला. हा माणूस तरीही तिथंच राहिला. १९९५ च्या किक्विटमधल्या साथीतून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तातून जी प्रतिपिंडं मिळाली, त्यांच्यापासून इबोलावरचं औषध तयार झालं. त्यामागं मुयेम्बेंची चिकाटी होती, आणि २०१८-१९ ला त्या औषधाची चाचणी काँगोतच झाली. गोष्ट संपली की आमचे तात्या हमखास विचारतात, "म्हंजे ती बाटली हितंच ऱ्हायली आस्ती तर?" मी उत्तर देत नाही, चर्चा चालू देतो.

कागद पुढं केल्यावर एक पथक निघून गेलं, हेही सांगतो. "एवढा वेळ नाही" म्हणाले. काही जण माझ्यावर चिडले, गावाचा फायदा घालवला म्हणून. दुसऱ्या एका पथकानं कागद वाचला, दोन ओळी दुरुस्त केल्या, सही केली आणि दिवाळीनंतर खरंच येऊन देवळाच्या मंडपात निकाल सांगितला. त्यांच्यातली एक मुलगी तर कागदाची झेरॉक्स घेऊन गेली, दुसऱ्या गावांत वापरायला.

मधली माणसं

सरपंचाला विचारलं म्हणजे गावाला विचारलं, असं नसतं. केनियाच्या किनाऱ्यावर किलिफीला १९८९ पासून एक मोठं आरोग्य संशोधन केंद्र आहे, तिथल्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचं मिळून. हिवताप आणि लहान मुलांचे आजार यांवर त्यांचं काम चालतं. तिथंही लोकांना शंका होत्याच. एवढं रक्त कशाला नेता? त्याचं काय करता? दवाखान्यातला उपचार कुठला आणि अभ्यास कुठला, हे आईला कळायचं नाही. मग त्यांनी वस्त्यावस्त्यांतून लोकांकडूनच प्रतिनिधी निवडून घेतले. पुढारी नकोत, साधी माणसं हवीत. ती संशोधकांना भेटतात, लोकांच्या शंका वर नेतात आणि उत्तरं खाली आणतात. नवं काही सुरू करायचं तर बराझा भरतो. बराझा म्हणजे झाडाखालची जाहीर सभा, आपला पार म्हणा.

आम्ही पाच माणसं निवडली. एक डेअरीतला पोरगा, एक आशा सेविका, एक मागासवर्गीय वस्तीतल्या आक्का, एक ऊसतोड मुकादम आणि दहावीतली एक मुलगी. पुढारी एकही नाही, मीही नाही. मी फक्त मीटर तपासून देतो. सुरुवातीला मला ते खटकलं, खोटं कशाला बोलू.

आपला आपण अभ्यास: विहिरीचं पाणी

कुणाची वाट बघायची नसेल तर हा अभ्यास सगळ्यात सोपा. खर्च हजार-दीड हजाराच्या आत बसतो. ही वर्गणी काढाच, कारण पैसा ज्याचा त्याचाच प्रश्न मोठा होतो. आफ्रिकेत बराच संशोधनाचा पैसा बाहेरून येतो, आणि कुठल्या रोगावर काम करायचं हे ठरायचंही बाहेरच. म्हणून तर २०१५ मध्ये आफ्रिकन विज्ञान अकादमीनं नैरोबीत स्वतंत्र व्यासपीठ काढलं, अनुदान कुणाला आणि कशाला हे आफ्रिकेत बसून ठरवायला. ते काम आता सायन्स फॉर आफ्रिका फाउंडेशन करतं. आफ्रिकेतल्या देशांनी आपल्या उत्पन्नाचा एक टक्का संशोधनावर घालायचं ठरवलंय. बहुतेक देश अजून तिथं पोचलेले नाहीत. आपला देशही नाही, त्यामुळं हसायचं कारण नाही. आम्ही घरटी वीस रुपये काढले.

मीटर घेताना नुसता टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, दाखवणारा घेऊ नका. विद्युतवाहकता म्हणजे ईसी (पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त), मायक्रोसिमेन्समध्ये दाखवणारा घ्या. टीडीएसचा आकडा मीटर आतल्या आत गुणून काढतो आणि प्रत्येक कंपनीचा गुणक वेगळा, मग दोन मीटर दोन गोष्टी सांगतात आणि गावात भांडणं लागतात. मीटर खरा बोलतो का, हे बघायला कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधून ०.७४६ ग्रॅम शुद्ध पोटॅशियम क्लोराइड वजन करून घ्या आणि ते एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. २५ अंशांना त्याचं वाचन १४१३ यायला हवं. एका बहाद्दरानं खताच्या गोणीतलं पोटॅश घातलं होतं. नाव तेच असलं तरी ते शुद्ध नसतं, चालत नाही.

पाणी घेताना मोटर दहा मिनिटं चालू द्या. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. नंबर बाटलीच्या अंगावर लिहा, झाकणावर कधीही नाही. झाकणं बदलतात, चाळीस वर्षं बघतोय. वहीत तारीख, वेळ, किती दिवसांत पाऊस झाला, पाटाला पाणी आहे का, हे लिहा. मग मोजणाऱ्याला कळू न देता बाटल्यांचा क्रम बदला. नववीतल्या दोन मुलांनी प्रत्येक बाटली वेगवेगळी मोजायची, दोघांचा आकडा जुळला नाही तर तिसऱ्यांदा. हे महिन्यातून एकदा, वर्षभर. एका वाचनावर काही बोलू नका, पावसाळ्यात नि उन्हाळ्यात आकडा पार बदलतो.

आकडा आला की ढोबळ हिशोब असा. ७५० च्या खाली असेल तर पाणी उसाला बेलाशक द्या. ७५० ते २२५० म्हणजे जपून, निचरा हवाच. २२५० च्या वर असेल तर ते पाणी रानाला लावणं म्हणजे मीठ पेरणं. पिण्याच्या पाण्याचा निकाल यावरून लावू नका. जंतू या मीटरला दिसत नाहीत, त्याला वेगळी तपासणी लागते. आणि पांढरं फुटलेलं प्रत्येक रान सारखं नसतं. मातीचा सामू साडेआठच्या वर गेला असेल तर ते चोपण, तिथं जिप्समचं काम असतं. नुसतं क्षारयुक्त असेल तर जिप्सम टाकून पैसे बुडतात, निचराच करावा लागतो. यासाठी माती तपासायला द्या. आपल्या जिल्ह्यात कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे, तिथं जाऊन नीट विचारून या.

वाईट निकाल सांगायचा कसा

आम्ही इथं सपशेल आपटलो. पहिल्या वर्षी डेअरीच्या फळ्यावर विहिरींचे आकडे मालकांच्या नावानिशी लिहिले. एका आण्णांच्या विहिरीला २९०० आला. दुसऱ्या दिवशी पोरं त्यांना "खारं आण्णा" म्हणायला लागली, आणि त्यांचं रान खंडानं घेणार होता तो माणूस मागं सरला. आण्णा फळ्यासमोर उभे राहून ओरडले, "माज्याच हिरीचं पानी वंगाळ व्हय? आनि त्या मळ्यावाल्यांचं तपासलंच न्हाई, ते?" खरं होतं. मळ्यावाल्यांनी बाटली दिलीच नव्हती.

नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वानातल्या शास्त्रज्ञांनी कोरोनाचा नवा प्रकार ओळखला आणि लगेच जगाला सांगितलं. पुढं त्याला ओमिक्रॉन नाव पडलं. बक्षीस काय मिळालं? दोन दिवसांत विमानं बंद. खरं बोलणाऱ्याला दंड झाला की पुढच्या खेपेला माणूस गप्प बसतो. आमचे आण्णा तसेच गप्प बसले, दोन वर्षं.

आता फळ्यावर नावं नसतात. आकडा आधी मालकाच्या घरी जाऊन सांगायचा, दोन प्रतिनिधींनी, बसून. त्यानं परवानगी दिली तरच नाव. बाकी फळ्यावर फक्त किती विहिरी हिरव्या, किती पिवळ्या, किती लाल. आणि निकालाबरोबर "मग करायचं काय" याचं उत्तर हवं, नाहीतर सांगायला जाऊ नका.

फळा डेअरीतच का, हेही सांगतो. माझी पहिली सभा शाळेत झाली, प्रोजेक्टर लावून, चाळीस मिनिटं. माणसं बारा, त्यातली दोन झोपली. डेअरीत माणूस दिवसातून दोनदा येतोच, आणि आकड्यावर भांडायची त्याला सवय असते. फॅट साडेतीन लागली की तो म्हणतो, परत लाव, मशीन धुतलं का, माप बरोबर हाय का? सभेत भाषण देऊन अशी तपासणी कुणाला शिकवता आली नसती. ईसी मीटर फॅटच्या मशीनशेजारी ठेवला आणि माझं अर्धं काम झालं. शब्दही तिथंच मिळाले. "विद्युतवाहकता" कुणी म्हणत नाही, मीटरला सगळे "खारमोज्या" म्हणतात. झुलू, योरुबा, हौसा अशा भाषांत तिकडंही विज्ञानाचे शब्द बसवायचं काम चालू आहे. गावातनं आलेला शब्द टिकतो, एवढं मी तरी बघितलंय.

पोरांसाठी एक खेळ

१९६३ साली टांझानियात एरास्टो म्पेम्बा नावाचा शाळकरी मुलगा आइस्क्रीम करत होता. फ्रीजरमधली जागा जाईल म्हणून त्यानं दूध गार न करता गरमच आत सारलं, आणि ते गार ठेवलेल्याच्या आधी गोठलं. सरांना विचारलं तर हसले. पुढं डॉ. ऑस्बोर्न नावाचे प्राध्यापक शाळेत आले, त्यांना यानं सगळ्यांसमोर तेच विचारलं. त्यांनी हसण्याऐवजी करून बघितलं, आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावानं लेख छापून आला. हे नेहमी घडतं का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, म्हणूनच पोरांना द्यायला उत्तम.

सारखे दोन स्टीलचे पेले घ्या. एकात शंभर मिली गरम पाणी, दुसऱ्यात तेवढंच साधं. पेल्यांखाली थर्माकोलचा तुकडा ठेवा, नाहीतर गरम पेला खालचा बर्फ वितळवून फ्रीजरला घट्ट चिकटतो नि निकाल त्यानंच बदलतो. दर दहा मिनिटांनी बघा आणि लिहा. आमच्याकडं तीन रात्री केलं. दोनदा साधं पाणी आधी गोठलं, तिसऱ्यांदा लाइट गेली. ती तिसरी रात्रही वहीत लिहायला लावली.

यंदाची वाचनं चालू झालीत. परवा संध्याकाळी डेअरीत आण्णा आले, दोन वर्षांनी पहिल्यांदा, धोतराच्या सोग्यात बाटली लपवून. "मोजा," म्हणाले, "आनि नाव लिव्हा फळ्यावर, काय व्हतंय ते बघू." दहावीतल्या मुलीनं बाटली घेतली, झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण परत लावलं. देशीची बाटली, विसळलेलीसुद्धा नव्हती. "आण्णा, हे नाही चालणार," ती म्हणाली, "उद्या तीनदा विसळून आणा. मोटर दहा मिनिटं चालवून." आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी फॅटच्या मशीनकडं बघितलं.